टेकडी नातवंडांची, तारीख आपली

टेकडी, नदी किंवा झाडांबद्दल काही छापून आले की वाचकांकडून ठरावीक प्रश्न येतात. ‘ही जागा सगळ्यांची आहे, मग भांडायचे कोणी?’ ‘मी कोथरूडला राहतो, हडपसरच्या ओढ्याबद्दल मला तक्रार करता येईल का?’ ‘थेट संयुक्त राष्ट्रांना लिहिले तर?’ आणि सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न : ‘काम सुरू होऊन वर्ष झाले, आता काय करता येईल?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा निराश करणारे असते. ते तसे असू नये, एवढ्यासाठी ही माहिती.

हेगला जायचे, की कौन्सिल हॉलसमोर?

जगात काही जागा कोणत्याच देशाच्या नाहीत. खोल समुद्राचा तळ ही त्यातली एक. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने देशांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा वारसा ठरवला आणि भारताने १९९५ मध्ये त्या कराराला मान्यता दिली. आपली वेताळ टेकडी किंवा मुठा नदी या वर्गात बसत नाही. ती भारताच्या हद्दीत आहे, त्यामुळे तिच्यासाठी कायदाही भारतातलाच. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हवामान बदलाबाबत देशांवर कायदेशीर बंधने आहेत असे सल्लागार मत दिले, तेव्हा अनेकांच्या आशा वाढल्या. पण त्या न्यायालयात फक्त देशच पक्षकार होऊ शकतात. तुमचा-आमचा अर्ज तिथे घेतला जात नाही.

तरीही आंतरराष्ट्रीय कायदा पुण्यापर्यंत आला आहे, आणि तोही अगदी पत्त्यासकट. १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९९२ ची रिओ परिषद या दोन्हींच्या जाहीरनाम्यांत पुढच्या पिढ्यांचा उल्लेख आहे. रिओच्या दहाव्या तत्त्वाने नागरिकाला तीन गोष्टी कबूल केल्या : माहिती, निर्णयात सहभाग आणि दाद मागण्याची सोय. आपल्या संसदेने २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे आपण ज्याला हरित लवाद म्हणतो त्याचा कायदा केला, तेव्हा प्रस्तावनेतच या दोन्ही परिषदांची नावे घातली. त्या लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच, कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत आहे. महाराष्ट्राबरोबर गोवा आणि गुजरातच्या तक्रारीही तिथेच येतात. पणजीच्या माणसाला घाट चढून यावे लागते, आपल्याला पीएमपी पुरते. तेव्हा हेगचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ पासून आणि मराठ्यांचे १२ किल्ले जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातच आहेत. हा वारसा पुढच्या पिढ्यांच्या हाती सोपवणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे १९७२ च्या जागतिक वारसा करारातच लिहिले आहे. अशा स्थळाला धोका असल्याची माहिती कोणीही नागरिक पॅरिसच्या जागतिक वारसा केंद्राला लेखी कळवू शकतो. केंद्र त्यावर भारत सरकारकडे विचारणा करते. हा खटला नव्हे, स्थगितीही मिळत नाही. पण दिल्लीहून खुलासा मागवला गेला की खालची कार्यालये हलतात.

आधी जमीन कोणाची ते काढा

बहुतेक जण इथेच चुकतात. टेकडी हिरवी दिसते म्हणून ती सरकारी असतेच असे नाही, आणि सातबारावर खासगी नाव आहे म्हणून तिथे काहीही बांधता येते असेही नाही. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याची, महापालिकेची आणि खासगी मालकांची जमीन एकमेकींना लागून आहे. १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे आरक्षण आहे आणि त्यातली बरीच जमीन खासगी आहे. तुम्ही कोणाविरुद्ध आणि कोणत्या कायद्याखाली बोलणार, हे या एका माहितीवर ठरते. म्हणून पुढील कागद आधी गोळा करा :

- सर्व्हे नंबर, सातबारा आणि जुने फेरफार. ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘राखीव वन’ किंवा ‘सरकार’ असे काही आहे का ते पाहा.
- महापालिकेचा झोन दाखला आणि विकास आराखड्याच्या, म्हणजे डीपीच्या नकाशाचा त्या भागाचा उतारा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नसते, हेही पडताळा.
- नदी किंवा ओढा असेल तर जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला भराव हा तुमच्या तक्रारीतला सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो.
- वनजमिनीची शंका असेल तर मूळ राजपत्र.

राजपत्र कशाला, असे वाटत असेल तर कोंढवा बुद्रुकचे प्रकरण पाहा. तिथली ११.८९ हेक्टर जमीन १८७९ मध्ये राखीव वन म्हणून जाहीर झाली होती. १९९८ मध्ये ती शेतीसाठी म्हणून खासगी कुटुंबाला देण्यात आली, तिथून एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली आणि २००७ मध्ये बांधकामाला पर्यावरण मंजुरीही मिळाली. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप आणि ही मंजुरी दोन्ही रद्द केली आणि जमीन वनखात्याच्या ताब्यात देण्यास सांगितले. त्याच निकालात सर्व राज्यांना आदेश आहे की महसूल खात्याच्या ताब्यातली कोणती राखीव वनजमीन खासगी हातात गेली, हे विशेष पथके नेमून शोधावे. हे सगळे टिकले ते ब्रिटिश काळातल्या एका जाहीरनाम्यावर.

निकालाचा आधार होता लोकविश्वस्त तत्त्व. नदी, जंगल, किनारा या गोष्टींचे सरकार मालक नसून विश्वस्त असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचलमधील बियास नदीच्या खटल्यात स्पष्ट केले होते. देवस्थानाच्या विश्वस्ताला जशी देवाची जमीन विकता येत नाही, तसेच हे. तुमच्या अर्जात तत्त्वज्ञान लागतेच असे नाही, पण लागलेच तर एवढे एक वाक्य पुरे.

कोणता विषय, कोणाकडे?

- टेकडीवर जेसीबी, वणवा, मोरांची शिकार : वनखात्याची हेल्पलाइन १९२६. आगीसाठी १०१.
- नदीपात्रात राडारोडा : क्षेत्रीय कार्यालय, जलसंपदा विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिघांनाही एकाच दिवशी लेखी. एकाला लिहिले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.
- सार्वजनिक उपद्रव, तुंबलेला ओढा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी तो हटवण्याचा आदेश देऊ शकतात. खर्च नगण्य, तरीही हा मार्ग फारसा कोणी वापरत नाही.
- आरक्षण बदलणे : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली हरकत. मुदत एक महिना.
- पाणी, हवा, वनजमीन, पर्यावरण मंजुरी, जैवविविधता : हरित लवाद.
- झाडे तोडणे : आधी वृक्ष प्राधिकरण, मग मुंबई उच्च न्यायालय.

झाडांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. लवाद फक्त त्याच्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील सात कायद्यांखालचे वाद ऐकतो. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायदा त्यात नाही. वन्यजीव संरक्षण कायदाही नाही. ‘रस्त्यासाठी वड पाडतायत’ एवढाच मुद्दा घेऊन लवादात गेलात, तर अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत याल आणि मधल्या काळात झाड गेलेले असेल. गणेशखिंड रस्त्यावरच्या झाडांचा वाद उच्च न्यायालयात गेला तो उगाच नाही. मात्र तीच वृक्षतोड नदीकाठच्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीतील अटी मोडून होत असेल, तर लवादाचे दार उघडते.

उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, हेही सांगून ठेवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यापासून अनेकांनी विचारले. त्यात कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत. पुणे नाही.

हरकत कशी नोंदवाल

पुणेकरांना हरकतींचा सराव कमी नाही. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. पण एकच छापील मजकूर, खाली वेगवेगळ्या सह्या, अशा गठ्ठ्याचे वजन फक्त काट्यावर भरते. सुनावणीत तो एका ओळीत निकालात निघतो. हरकत स्वतःची लिहा. सर्व्हे नंबर, आराखड्यातील शीट क्रमांक, काय बदलते आहे, त्याने कोणता ओढा किंवा उतार बाधित होतो आणि तुम्हाला काय हवे आहे, एवढे आले की दोन पाने पुरतात. ‘प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य न चुकता घाला. आवक विभागातून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ईमेल केला असला तरी कागद द्या.

वृक्षतोडीच्या नोटिशीवर हरकतीसाठी सहसा सातच दिवस असतात. ती वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही लावावी लागते. झाडावर नोटीस नसेल तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा. पुढे तो फोटोच कामी येतो.

मोठ्या बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी होईल, असे गृहीत धरू नका. २००६ च्या अधिसूचनेत इमारती आणि क्षेत्रविकास प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. या तरतुदीचे समर्थन करणे मला तरी जमत नाही. पण नियम तसा आहे. त्यामुळे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या भागातले प्रस्ताव स्वतःच पाहत राहावे लागते.

मुदत : सगळा खेळ इथे

हरित लवादाच्या कायद्यात तीन वेगळ्या मुदती आहेत.

१. पर्यावरण मंजुरीसारख्या आदेशाविरुद्ध अपील (कलम १६) : आदेश कळल्यापासून ३० दिवस, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस.
२. पर्यावरणाचा वाद (कलम १४) : वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस.
३. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करणे (कलम १५) : ५ वर्षे, अधिक ६० दिवस.

या वाढीव ६० दिवसांपलीकडे उशीर माफ करण्याचा अधिकार लवादाला नाही. आजारपण, परीक्षा, निवडणूक, काहीही सांगा. ‘पहिल्यांदा’ हा शब्दही नीट वाचा. मुदत मोजायची ती पहिला ट्रक नदीत रिकामा झाला त्या दिवसापासून, पूल उभा राहिला त्या दिवसापासून नव्हे. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो.

या मुदतीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपला लाडका माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये आणि ३० दिवस. उत्तर आले नाही की प्रथम अपील, त्यात आणखी ३० ते ४५ दिवस. मग राज्य माहिती आयोग, जिथे किती काळ जाईल ते कोणी सांगू नये. सगळे कागद हातात आल्यावर दावा करू म्हणणारे सहा महिने सहज घालवतात. हातात आहे त्यावर अर्ज दाखल करा, उरलेले कागद समोरच्याकडून मागवा अशी विनंती त्याच अर्जात करा. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो. प्रतींबरोबर ‘फाइलची पाहणी’ही मागा. पाहणीत नोटशीटवरचे शेरे दिसतात आणि खरी गोष्ट बऱ्याचदा तिथेच असते.

सहा महिने उलटून गेले असतील तर? कलम १५ पाहा. भराव काढून पात्र पूर्ववत करा, ही मागणी पाच वर्षांपर्यंत करता येते. लेखाच्या सुरुवातीच्या त्या शेवटच्या प्रश्नाला एवढीच काय ती खिडकी आहे.

लवादात जायचे ठरलेच तर

- वकील हवाच असे नाही. स्वतः बाजू मांडता येते. मात्र कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे जोडा.
- भरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर त्या रकमेच्या एक टक्का, किमान १,०००.
- त्या भागात राहणे आवश्यक नाही. कायद्यातील ‘बाधित व्यक्ती’ या शब्दांचा अर्थ लवादाने पहिल्यापासून व्यापक घेतला आहे. कोथरूडच्या वाचकाला हडपसरसाठी जाता येते.
- फोटो तारीख आणि ठिकाणासह. एकाच जागेवरून, काही आठवड्यांच्या अंतराने काढलेले फोटो सर्वांत बोलके असतात. जुन्या उपग्रह प्रतिमा मिळाल्या तर उत्तम.
- मागणी नेमकी लिहा. ‘नदी वाचवा’ असा आदेश कोणी देऊ शकत नाही. ‘सर्व्हे नंबर अमुकसमोरील निळ्या पूररेषेतील भराव काढावा’ असा देता येतो.
- सावधगिरीचे तत्त्व, शाश्वत विकास आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व, ही तीन तत्त्वे लवादाने लावलीच पाहिजेत असे कलम २० सांगते. त्याचा उल्लेख करा.

विठ्ठलवाडी ते वारजे या नदीपात्रातील रस्त्याचे प्रकरण वास्तुविशारद सारंग यादवाडकर आणि इतर नागरिकांनी याच लवादात नेले होते. २०१३ मध्ये निकाल लागला आणि पात्रात टाकलेला भराव काढण्याची वेळ महापालिकेवर आली. त्या वादातही कळीचा मुद्दा निळी पूररेषाच होता.

लवादाचा आदेश पाळला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, ही तयारी ठेवा. लवादाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायला ९० दिवस मिळतात.

आणि अर्ज करणेच शक्य नसेल तर निदान वर्तमानपत्राला बातमी द्या. लवाद स्वतःहून दखल घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य केले. तो वाद मुंबईच्या कचऱ्याच्या बातमीवरून सुरू झाला होता.

हे करू नका

- खासगी जमिनीत परवानगीशिवाय शिरू नका, यंत्रांना हात लावू नका. गुन्हा तुमच्यावर दाखल झाला की टेकडीचा विषय मागे पडतो.
- बिल्डरचे किंवा अधिकाऱ्याचे नाव घेऊन ग्रुपवर आरोप करू नका. तेच अर्जात, पुराव्यासह लिहा.
- ‘लवादाची स्थगिती मिळाली’ असे फॉरवर्ड आले की आधी लवादाच्या संकेतस्थळावर आदेश वाचा. ‘नोटीस काढली’ याचा अर्थ स्थगिती नव्हे.
- खोटी किंवा छळवादी तक्रार ठरली तर खर्च तुमच्या माथी मारण्याचा अधिकार लवादाला आहे.
- बीडीपीतील जमीनमालकाला शत्रू समजू नका. त्याचा मोबदल्याचा प्रश्न खरा आहे. तो सुटला नाही तर आरक्षण उठवण्याचा दबाव वाढतच राहणार.

मुलांच्या नावाने अर्ज करता येतो का?

येतो. २०१५ मध्ये दिल्लीतील तीन तान्ह्या बाळांच्या वतीने त्यांच्या वडिलांनी फटाक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यातूनच पुढचे निर्बंध आले. फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९३ मध्येच मुलांना स्वतःसाठी आणि अजून न जन्मलेल्यांसाठीही जंगलतोडीविरुद्ध उभे राहू दिले. मात्र मुलांच्या तक्रारी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे नेता येतात, असा जो पूरक करार आहे तो भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे तो रस्ता भारताविरुद्ध बंद आहे.

पुढच्या पिढीचा हक्क म्हणजे नुसती भावना नाही, त्याचा हिशेबही मांडता येतो, हे पाहायचे तर गोव्याकडे बघा. गोवा फाउंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये लोहखनिजाच्या उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील दहा टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले, पिढ्यापिढ्यांतल्या न्यायाचे कारण देऊन. पुण्यात खडी आणि मुरमासाठी किती टेकड्या खरवडल्या गेल्या, ते वाघोली-मोशीकडे गेलेल्यांना सांगायला नको. असा निधी इथेही मागता येईल, पण अजून कोणी नेटाने मागितलेला नाही.

तूर्त एवढे करा. तुमच्या प्रभागातील डीपीच्या शीटची प्रत, जवळच्या टेकडीचा सर्व्हे नंबर आणि ओढ्याचा पूररेषा नकाशा याच महिन्यात काढून ठेवा. सात दिवसांची नोटीस लागल्यावर ही कागदपत्रे मिळत नाहीत.